टॉनिक एकच, मग धान लोळला आणि गहू ढिम्म का?

लाखांदूर भागातल्या एका कास्तकार भावाने विचारले आहे. थोडक्यात असे: दोन एकरांत चिन्नोर हा उंच सुवासिक धान रोवला. पोटरीच्या वेळी कृषी केंद्रातून आणलेले जिबरेलिक ॲसिडचे टॉनिक फवारले. धान छातीला लागला आणि दाणा भरताना आलेल्या परतीच्या पावसात आडवा झाला. उरलेली बाटली रब्बीत गव्हावर मारली, तर गहू जागचा हलला नाही. आता दुकानदार म्हणतो, पुढच्या वर्षी लिहोसिन (उंची रोखणारे औषध) मारा. अकोल्याकडच्या साळ्याच्या संकरित ज्वारीत मधूनच उंच धांडे निघतात, ती बियाण्यातली भेसळ का, हेही त्यांना हवे आहे. आणि शेवटी: "कोणते संजीवक दिले म्हणजे उत्पन्न वाढेल आणि धान पडणार नाही? मुलगा म्हणतो हे सगळे जनुकांत असते. मग तो जनुकच चिन्नोरमध्ये आणता येत नाही का?"

भाऊ, सगळ्यात कामाचा प्रश्न तुमच्या मुलाचा आहे. माझी नोकरी धान आणि ज्वारीच्या पैदासीत गेली. उंच वाण आणि बुटका वाण यांचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांची एकेक झाडे बांधीत (धानाच्या वाफ्यात) उतरून मोजायची, हेच काम. त्यावरून सांगतो, "कोणते संजीवक" हा नंतरचा प्रश्न. आधी हे बघायचे की तुमच्या वाणाची उंची झाडाच्या आत कुठे अडवली आहे, की अडवलेलीच नाही. ते कळले की बाटली कामाची की फुकटची, हे ती न फोडताही सांगता येते. बाकी बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. बाटलीत औषध किती टक्के होते, युरिया कधी आणि किती पडला, बांधीत पाणी किती दिवस तुंबले, रोवणी किती दाट होती. त्या जिथे येतील तिथे बोलू.

जिबरेलिन हे संजीवक, म्हणजे वाढीचे काम चालवणारे रसायन, झाड स्वतःच बनवते. तुमच्या टॉनिकातले जिबरेलिक ॲसिड त्यातलेच. पेर लांबवणे हे त्याचे ठळक काम. त्याचा पत्ताच मुळी धानाच्या एका रोगातून लागला. पऱ्ह्यात (धानाच्या रोपवाटिकेत) कधी कधी एखादे रोप पिवळट, लुकडे आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलेले दिसते. रोवल्यावर ते बहुधा मरते, जगलेच तर लोंबी पोचट. हा एका बुरशीचा रोग. १९२६ साली एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने दाखवले की बुरशी नसली तरी चालते, ती ज्यात वाढवली ते गाळलेले पाणी दिले तरी धानाची रोपे तशीच उंच होतात. म्हणजे बुरशी पाण्यात काहीतरी सोडत होती. १९३८ पर्यंत जपानातच त्याचे शुद्ध स्फटिक हाती आले. तुमच्या बाटलीतला पदार्थ आजही बुरशी वाढवूनच बनवतात.

झाडाच्या आत हे काम टप्प्याटप्प्याने चालते. एकामागून एक विकरे (एन्झाइम) कच्च्या मालाचे जिबरेलिन करतात. तयार जिबरेलिन पेशीतल्या एका ग्राहकाला, म्हणजे ते ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. पेशीत 'डेला' नावाची प्रथिने वाढ रोखून बसलेली असतात. जिबरेलिन चिकटलेला ग्राहक त्यांना धरतो आणि पेशी त्यांची मोडतोड करते. डेला गेले की पेर वाढते. थोडक्यात, जिबरेलिन वाढ करत नाही, वाढीवरची अडवणूक उठवते.

आता मामा (मालगुजारी) तलावाचे पाणी बांधीत येते ते डोळ्यांसमोर आणा. पाट मध्येच अर्धा बुजला तर शेवटच्या बांधीला पाणी कमी पडते, पण खालच्या अंगाला मोटार लावून पाणी सोडले की ती भरते. दुसऱ्या एका बांधीचा पाट चांगला वाहता आहे, पण तिचे तोंडच दगडमातीने बंद आहे. मग पाटात कितीही सोडा, बांधी कोरडीच. बुटका धान पहिल्या जातीचा, बुटका गहू दुसऱ्या जातीचा. आणि तुमच्या चिन्नोरमध्ये पाटही मोकळा आणि तोंडही उघडे.

धानाचे आधी. आज आपल्याकडे जे बुटके सुधारित धान आहेत, त्यांतल्या बहुतेकांची उंची एकाच जनुकाने घटवली आहे. त्याला एसडी-१ म्हणतात. मूळ डी-जिओ-वू-जेन नावाच्या वाणातले. त्यातून तैवानात तायचुंग नेटिव्ह-१ निघाला, तो साठच्या दशकाच्या मध्यात भारतात आला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पेटा या उंच वाणाशी त्याच डी-जिओ-वू-जेनचा संकर करून १९६६ साली आयआर-८ दिला. आपला जया १९६८ चा, तायचुंग नेटिव्ह-१ च्या पोटचा. तेव्हा पैदासकारांना एवढेच ठाऊक होते की बुटकेपणाचा एक जनुक आहे आणि तो दबका आहे, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसतो. तो नेमके काय करतो हे कळायला २००२ उजाडले. जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एक विकर हा जनुक बनवतो. डी-जिओ-वू-जेनमध्ये त्यातली डीएनएची ३८३ अक्षरे गळली आहेत, म्हणून विकर निकामी.

मग जिबरेलिन पूर्ण बंद का होत नाही? कारण धानात याच कामाचे विकर बनवणारे दुसरे जनुकही आहेत. एसडी-१ चे काम मुख्यतः खोडात आणि पानात, तर त्याचा एक भाऊबंद फुलोऱ्यात चालतो. म्हणून खोड आखूड होते, पण लोंबी आणि फूल शाबूत राहतात. माझ्या मते या जनुकाचे सगळे भाग्य या वाटणीत आहे. बुटकेपणाचे कितीतरी जनुक आम्ही बांधीत पाहिले. झाड घोट्याएवढे आणि दाणे बारीक, किंवा अर्धी लोंबी पोचट. ते सगळे फेकले गेले, हा राहिला.

पाट बुजलेला असल्यामुळे अशा बुटक्या धानावर बाहेरून जिबरेलिन मारले तर तो वाढतो. तुमच्या शेजाऱ्याचा बुटका धानही भरपूर जिबरेलिन दिले तर उंच होईल. चिन्नोरसारख्या उंच जुन्या धानांत हा जनुक सहसा धडधाकट असतो, जिबरेलिनची कमी नसतेच. त्यात आणखी ओतून काय साधायचे होते, हे दुकानदाराला विचारायला हवे.

पण थांबा, सगळा दोष बाटलीवर टाकण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचा. बाजारात ०.००१ टक्क्याची जिबरेलिक ॲसिडची टॉनिके भरपूर आहेत. ०.००१ टक्का म्हणजे एका लिटरात १० मिलिग्रॅम. एकरी पाव लिटर मारले असे धरा, तर अडीच मिलिग्रॅम पडले. १५ लिटरच्या पंपात ३० मिलि टाकले तर फवारा ०.०२ पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत ०.०२ भाग. आता दुसऱ्या टोकाचे बघा. तेलंगणात करीमनगर, वरंगलकडे संकरित धानाचे बियाणे करतात. त्यातल्या मादी ओळीची लोंबी ध्वजपानाच्या म्यानातून पुरती बाहेर येत नाही, कारण तिच्या सगळ्यात वरच्या पेराला जिबरेलिन कमी पडते. लोंबी बाहेर काढायला तिथे एकरी वीस-पंचवीस ग्रॅम शुद्ध जिबरेलिक ॲसिड मारतात. ग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. दोन्हींत सुमारे दहा हजार पटींचा फरक आहे.

म्हणून तुमची बाटली ०.००१ टक्क्याची असेल तर धान लोळण्यात तिचा वाटा मी फार धरणार नाही. मग मी विचारेन की पोटरीला टॉनिकसोबत युरियाही टाकला होता का. बहुतेक लोक टाकतात, "टॉनिकला जोड" म्हणून. पण बाटली नसून द्राक्षवाल्यांची ९० टक्के पूड किंवा ४० टक्क्यांचे दाणेदार औषध असेल, तर गोष्ट वेगळी. पोटरीला खालची पेरे वाढून झालेली असतात, लांबतात ती वरची दोन. लोंबीचा भार आणखी वर जातो आणि वाऱ्या-पावसात झाड जास्त झुकते. धान बुंध्यात वाकून पडला की मधोमध मोडला, हे आठवून बघा. जिबरेलिनने बारीक-लांब झालेला धान बहुधा मधून किंवा वरून वाकतो. बुंध्यातून सपशेल झोपला असेल तर दाट रोवणी, जास्तीचे नत्र आणि चिखलात सैल झालेली मुळे यांच्याकडे बोट जाते.

नत्राचे आणि बुटकेपणाचे नाते तर जनुकापर्यंत पोचलेले आहे. उंच धानाला युरिया वाढवला की तो उंच होऊन पडतो, बुटका उभा राहतो, म्हणून बुटक्याला खत चालते, हे आपल्याला पन्नास वर्षे माहीत आहे. पण २०१८ मध्ये दिसले की बुटक्या वाणात साठून राहिलेले डेला नत्र उचलण्याच्या कामालाही लगाम घालतात. म्हणजे बुटका धान जास्त खत सोसतो आणि त्याला लागतेही जास्त. चिन्नोर कमी खतात भागवतो, हा त्याच्या उंचीचाच दुसरा पैलू. बुटक्या सुधारित धानाला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. उंच सुवासिक धानाला मी त्याच्या निम्म्यावर थांबतो, आणि लोंबी पोटात धरल्यावर तर एक मूठही देत नाही.

आता गहू. जपानचा नोरिन-१० हा १९३५ चा बुटका गहू. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्याचे बी अमेरिकेत गेले. तिथे ऑर्व्हिल व्होगेल या गहू-पैदासकारांनी त्याचे संकर केले आणि त्यातले बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे मागवले, लर्मा रोहो आणि सोनोरा-६४, ते याच घराण्यातले. नोरिन-१० मध्ये बुटकेपणाचे दोन जनुक होते आणि आजच्या बहुतेक बुटक्या गव्हांत त्यांपैकी एक तरी सापडतो. १९९९ साली उलगडले की हे जनुक म्हणजे डेला बनवणारेच जनुक आहेत, पण बिघडलेले. त्यातून निघणारा डेला जिबरेलिन आले तरी ग्राहकाच्या हाती लागत नाही, म्हणून मोडत नाही. वाढीवरची अडवणूक कायम. गंमत म्हणजे अशा गव्हात जिबरेलिन उलट जास्त साचलेले सापडते. पाट तुडुंब, तोंड बंद. त्यात तुमची बाटली काय करणार? गहू हलला नाही यात फवारणीची चूक नाही, ०.००१ च्या जागी दसपट मारले असते तरी हाच निकाल आला असता.

याच गव्हाची आणखी एक गोष्ट, विचारली नाही तरी सांगतो, कारण धानानंतर ओलीवर गहू पेरणाऱ्यांना ती नडते. हा जनुक फक्त खोड आखूड करत नाही. कोंब जमिनीतून वर येताना त्याच्याभोवती जी नळीसारखी म्यान असते, तीही आखूड करतो. जुने उंच बन्सी गहू ओल शोधत खोल पेरले तरी वर यायचे. आजचा बुटका गहू पाच सेंटिमीटरच्या खाली गेला की उगवण विरळ होते आणि लोक बियाण्याला शिव्या देतात. वरच्या थरात ओल नसेल तर तिफण खोल दाबू नका, हलके ओलीत करून पेरा. बुटकेपणाचे असेही जनुक आहेत जे म्यान आखूड करत नाहीत, आरएचटी-८ हा त्यातला एक, आणि कोरडवाहू गव्हासाठी पैदासकारांचे त्यांच्याकडे लक्ष आहे.

लिहोसिनकडे येऊ. कपाशीवाल्यांना हे नाव नवे नाही. त्यातले क्लोरमेक्वाट क्लोराइड झाडाला जिबरेलिन बनवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच अडवते. म्हणजे एसडी-१ जनुक जन्मभर करतो ते काम काही दिवसांपुरते बाटलीने करून घ्यायचे. कागदावर चिन्नोरला हे लागू पडायला हवे. पण मी हो म्हणणार नाही. हे रसायन गव्हाला जितके मानवते तितके धानाला मानवत नाही. परिणाम हवा तर ते फुटवे संपून खालची पेरे लांबू लागण्याआधी पडायला हवे, आणि तो मुहूर्त पावसाळ्यात हमखास साधत नाही. शिवाय डब्यावरच्या छापील पिकांत धान आहे का ते बघा. नसेल तर मारू नका. जिबरेलिक ॲसिड असो की क्लोरमेक्वाट, ही संजीवके कीटकनाशक कायद्याखाली येतात, पीक आणि मात्रा लेबलवर लिहिलेली असते. भंडारा चिन्नोर नाव आणि वास यांवर विकला जातो. त्याच्या दाण्यावर कसल्याही औषधाचा संशय आला तर तुमचेच गिऱ्हाईक जाईल.

साळ्याच्या ज्वारीचे प्रकरण मला सगळ्यात आवडते. ज्वारीत उंचीचे चार मुख्य जनुक, क्विन्बी आणि कार्पर या अमेरिकन पैदासकारांनी १९५४ साली त्यांची मांडणी केली. त्यातल्या तिसऱ्याचे रहस्य २००३ साली उलगडले आणि तिथे जिबरेलिनचा संबंधच निघाला नाही. ते ऑक्सिन या दुसऱ्या संजीवकाचे काम. ऑक्सिन शेंड्याकडून खाली पेशीपेशीतून वाहून नेणारे एक प्रथिन आहे, ते बिघडले की खालची पेरे आखूड राहतात. वरचे, कणसाखालचे पेर जवळपास तसेच. बुटक्या ज्वारीचा धांडा सोलून बघा, बुंध्याजवळ पेरे एकावर एक बसलेली दिसतील.

हा बिघाड कच्चा आहे. जनुकाच्या आत ८८२ अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आला आहे, एवढाच दोष. परागकण किंवा बीजांड बनताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात, तेव्हा कधी कधी त्यातली एक प्रत गळून पडते आणि जनुक पुन्हा धड होतो. धड जनुक प्रभावी असल्याने ते झाड उंच. असे हजारात एखाद-दोन झाड निघायचेच, बियाणे कितीही काळजीने केले तरी. तेव्हा साळ्याला सांगा, उंच धांड्याचे कणीस, दाण्याचा रंग, पान आणि निसवण्याचा दिवस बाकीच्या पिकासारखाच असेल आणि फक्त खालची पेरे लांब असतील, तर ही बहुधा जनुकाची उलटी उडी. कणीस वेगळे, दाणा वेगळा आणि अशी झाडे जागोजागी असतील तर भेसळ. मग बिल आणि पिशवी सांभाळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

ज्वारीत उंची दोषच मानावी असेही नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. तो बुटका होता, धान्य भरघोस द्यायचा, पण कडब्याला कमी. बैल दावणीला असणाऱ्याने ते का पसंत करावे? पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठासह सगळीकडेच ज्वारीच्या पैदासीत कडब्याकडे लक्ष द्यावे लागले. धानाच्या तणसाची किंमत तुम्ही कशी धरता, त्यावर तुमच्या चिन्नोरची उंची किती खटकते हेही ठरेल.

उत्पन्न वाढवणारे संजीवक विचारलेत. धानात लोंबीला दाणे किती, यावर सायटोकायनिन या संजीवकाचा मोठा हात आहे. २००५ साली जपानी गटाने दाखवले की सायटोकायनिन मोडणारे एक विकर मंद असले की लोंबीच्या कोवळ्या अंकुरात ते साचते आणि दाणे वाढतात. हे ऐकून कोणी म्हणेल, मग सायटोकायनिन फवारू. अडचण अशी की जनुक त्याची मात्रा लोंबीच्या त्या टाचणीएवढ्या अंकुरात, त्या थोड्याच दिवसांत वाढवतो. तो अंकुर तेव्हा बुंध्यात पानांच्या म्यानांखाली दडलेला असतो. फवारा पडतो पानांवर. आणि त्याच संशोधकांनी हा जनुक एकटा ठेवला नाही, एसडी-१ सोबत जोडला. दाणे वाढवून खोड तसेच उंच ठेवले तर धान लोळणारच, हे त्यांनाही दिसत होते.

हाच जनुक आता आपल्याकडे आला आहे. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीतले हे विकर जनुक-संपादनाने निकामी करून 'कमला' हा वाण केला, त्याची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. उत्पन्न १९ टक्के जास्त आणि सुमारे वीस दिवस लवकर, हे आकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे आहेत. आपल्या बांधीत तो काय देतो ते दोन-तीन हंगाम बघितल्याशिवाय मी कुणाला एकरभर लावा म्हणणार नाही. तुम्ही वैनगंगेकाठच्या चौरास भागातले. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर तुमच्या भागाने पाहिला आहे. नदीकाठच्या बांध्यांसाठी दुसराच एक जनुक माहीत असू द्या, सब-१. पाण्याखाली बुडाल्यावर धानात इथिलीन साचते आणि रोप जिबरेलिनच्या जोरावर पाण्याच्या वर येण्यासाठी शक्ती जाळत सुटते. सब-१ त्याला गप्प बसवतो, पूर ओसरेपर्यंत. हा जनुक ओडिशाच्या एका जुन्या धानातून घेतला. स्वर्णा-सब-१ हा २००९ सालचा वाण दोन आठवड्यांपर्यंतचे बुडणे सोसतो.

आता मुलाचा प्रश्न. हो, जनुक आणता येतो. बुटक्या धानाशी चिन्नोरचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच, कारण एसडी-१ चा बुटकेपणा दबका. दुसऱ्या पिढीत चारात एक बुटके. वास हा धानाच्या आठव्या गुणसूत्रावरच्या जनुकाचा, उंची पहिल्या गुणसूत्रावरच्या. दोन्ही एकमेकांना बांधलेले नाहीत आणि वासही दबका. म्हणून दुसरा पालक बिनवासाचा असेल तर बुटके आणि वासाचे दोन्ही असलेले झाड सोळांत एक. तेवढ्यावर चिन्नोर होत नाही. शिजणे, मऊपणा, दाण्याचा आकार यासाठी परत परत चिन्नोरशीच संकर करावा लागतो. चार वेळा केला की सुमारे ९७ टक्के वारसा चिन्नोरचा उरतो. मात्र प्रत्येक फेरीत बुटकेपणा लपलेला असतो. पूर्वी तो शोधायला मध्ये एक पिढी स्वपरागित करावी लागे, आता पान तोडून डीएनए तपासता येते. १९८९ चा पुसा बासमती-१ हा असाच बुटका केलेला सुवासिक धान.

दुसरी वाट, संकर न करता बियाण्याला किरणोत्सर्ग देऊन बुटके झाड शोधायचे. आपल्या शेजारी छत्तीसगडच्या दुबराजवर भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने हे केले आणि ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१ वाण दिला. उंच, उशिराचा, पडणारा सुवासिक धान ही तुमचीच तक्रार होती. तिसरी वाट मला चिन्नोरसाठी जास्त पटते: उंची फार न छाटता खोड जाड करणे. २०१० मध्ये धानात खोड जाड करणारा जनुक सापडलाही आहे. त्यात तणस टिकते, आणि कमी खतात पिकण्याचा गुणही हातचा जात नाही.

घरी काय करता येईल? संकर नको, निवड करा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ च्या बांधीतून वेगळ्या लोंब्या वेचून एचएमटी धान उभा केला. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, दरवर्षी तेच वेगळे बी जपून पेरत राहण्याची चिकाटी होती. जुन्या वाणात झाडाझाडात फरक असतोच. यंदा पाऊस होऊन गेल्यावर सगळा धान पडला असेल तर त्यात उभे राहिलेले थोडके बुंधे शोधा. बांधाच्या कडेचे सोडा, त्यांना जागा आणि ऊन जास्त मिळते म्हणून ते उभे असतात. मधले घ्या. बुंध्याजवळची दोन पेरे आखूड आणि बोटाला टणक लागली, तर त्या लोंब्या वेगळ्या ठेवून पुढच्या वर्षी एकेका लोंबीची एकेक ओळ लावा. वास दरवर्षी शिजवूनच तपासा.

येत्या खरिपाचे म्हणाल तर रोवणी विरळ करा, एका जागी दोन-तीनच पऱ्हे. नत्र निम्मे, तेही फुटव्यापर्यंत आटपा. पालाश चुकवू नका. फुटवे भरपूर झाल्यावर बांधीतले पाणी काही दिवस काढून जमिनीला बारीक भेगा पडू द्या, मुळे खाली जातात. हे निसवण्याच्या वेळी मात्र करू नका, तेव्हा पाणी हवेच.

आणि ती ०.००१ ची बाटली उरली असेल तर फेकू नका. पाणी न घालता ती १० पीपीएमचीच आहे, कुंडीतल्या चाचणीला अगदी योग्य. चार डब्यांत माती भरून चिन्नोर, शेजाऱ्याचा बुटका धान, तुमचा गहू आणि कुठे मिळाला तर जुना उंच बन्सी गहू पेरा. उगवल्यावर प्रत्येक डब्यातल्या अर्ध्या रोपांवर बाटलीतले टॉनिक तसेच, दोन-तीन दिवसांआड फवारा, उरलेल्या अर्ध्यांवर साधे पाणी. फवारा मारताना मध्ये पुठ्ठा धरा. दहा-बारा दिवसांनी पट्टी लावून मोजा. बुटक्या धानाची फवारलेली रोपे साध्यांपेक्षा वर गेलेली दिसतील, बुटक्या गव्हाची जवळपास बरोबरीत राहतील. मुलालाच मोजायला सांगा. ते आकडे, बाटलीच्या लेबलचा फोटो आणि गेल्या हंगामात युरिया कधी किती टाकला हे कळवलेत, तर पुढचे नेमके सांगता येईल.